जीपीएसच्या उंचीवरून आरएल कसा काढायचा: कोल्हापूर भागात नव्यानं सर्व्हेला लागलेल्यांसाठी

कोल्हापूर शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे हे सगळ्यांना माहितीय, पण आरटीके रोव्हर (बेसकडून दुरुस्ती घेत फिरणारा जीपीएस रिसीव्हर) पहिल्यांदा हातात घेऊन दसरा चौकात नाहीतर पंचगंगा घाटावर उभं राहिलं की कंट्रोलरवर चारशे सत्तर, चारशे ऐंशी असले आकडे दिसायला लागतात आणि नवीन माणूस घाबरतो. मशीन बिघडलेलं नसतंय, सेटिंगही बहुतेक वेळा बरोबरच असतंय. तो आकडा वेगळ्या पृष्ठभागापासून मोजलेला असतो एवढंच. त्या आकड्यापासून आरएलपर्यंत, म्हणजे समुद्रसपाटीपासूनच्या उंचीपर्यंत, कसं यायचं ते इथं सांगतो. सत्तर मीटरचा फरक कुणाच्याही लगेच लक्षात येतो, त्यामुळं त्यानं फारसं नुकसान होत नाही. नुकसान होतं ते वीस-तीस सेंटीमीटरच्या फरकानं, कारण तो दिसतच नाही आणि पंचगंगेच्या काठावर वीस-तीस सेंटीमीटर म्हणजे घरात पाणी शिरणार की नाही एवढा मोठा प्रश्न असतो.

आधी हे डोक्यात बसवा

सॅटेलाईटला समुद्र कुठं आहे हे माहिती नसतं. रिसीव्हर जी उंची काढतो ती एका गणिती अंड्यापासून, म्हणजे इलिप्सॉइडपासून. जीपीएससाठी तो डब्ल्यूजीएस 84, ज्याची विषुववृत्तावरची त्रिज्या 6378137 मीटर धरलेली आहे. हा इलिप्सॉइड एकदम गुळगुळीत, त्याला डोंगर नाही, खड्डा नाही, गुरुत्वाकर्षण नाही. आपल्याला मात्र उंची लागते ती पाण्याच्या हिशोबानं, कारण पाणी कुठं वाहणार हे गुरुत्वाकर्षण ठरवतं. समुद्राची सरासरी पातळी जमिनीखालनं तशीच पुढं नेली तर जो वर-खाली होणारा पृष्ठभाग मिळेल तो जिऑइड. इलिप्सॉइड आणि जिऑइड यांच्यातलं त्या ठिकाणचं अंतर म्हणजे एन. जिऑइड मॉडेल म्हणजे या एनचा तक्ता, अक्षांश-रेखांश दिला की ते एन देतं.

सूत्र एकच आहे:

आरएल = इलिप्सॉइडल उंची − एन

आता गोची इथं आहे की भारतात एन मायनसमध्ये असतो, कारण आपल्याकडं जिऑइड इलिप्सॉइडच्या खाली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात तर तो साधारण 106 मीटर खाली जातो, अख्ख्या पृथ्वीवरची सगळ्यात खोल जागा तीच. कोल्हापूर भागात एन उणे सत्तरच्या आसपास येतो. मायनस वजा केला की बेरीज होते, म्हणून आपल्याकडं आरएल नेहमी इलिप्सॉइडल उंचीपेक्षा मोठा. उदाहरणापुरता आकडा घेऊ, इलिप्सॉइडल उंची 473.415 आली आणि मॉडेलनं एन −70.860 दिला, तर आरएल 544.275. कुणी चुकून चिन्ह फिरवलं तर 402 येईल आणि कोल्हापूर थेट कोकणाच्या बाजूला घसरेल, तेव्हा ही चूक सापडतेच.

पहिली पायरी: हातातला आकडा नेमका कसला आहे ते शोधा

हे न करता पुढं जाऊच नका. निम्मे घोळ इथंच होतात, कारण एन एकदा मशीननं लावलेला असतो आणि ऑफिसमध्ये कुणीतरी परत एकदा लावतो, मग सहाशेच्या वर आरएल येतात.

अँड्रॉइड फोनचं लोकेशन अॅपला जी उंची देतं ती इलिप्सॉइडपासूनची असते, काही अॅप ती स्वतःहून बदलून दाखवतात, काही तशीच दाखवतात. आयफोन समुद्रसपाटीपासूनची देतो. म्हणून एकाच जागी उभ्या दोघांच्या फोनवर सत्तर मीटरचा फरक दिसू शकतो आणि दोन्ही फोन आपापल्या जागी बरोबर असतात.

रिसीव्हरमधून एनएमईए डेटा (रिसीव्हर ओळीओळीनं बाहेर टाकतो तो मजकूर) घेत असाल तर जीजीए ओळ बघा. त्यात एका रकान्यात समुद्रसपाटीपासूनची उंची असते आणि मधला एककाचा रकाना सोडून जिऑइड सेपरेशन, म्हणजे रिसीव्हरनं स्वतः वापरलेला एन. या दोन्हींची बेरीज केली की मूळ इलिप्सॉइडल उंची परत मिळते. रिसीव्हरच्या आतलं मॉडेल बऱ्याचदा खूप जाडंभरडं असतं, मेमरी वाचवण्यासाठी मोठ्या चौकटींचा तक्ता टाकलेला असतो, त्यामुळं तो एन काढून टाकून चांगल्या मॉडेलचा लावायचा.

ड्रोनवाल्यांनी जास्त लक्ष द्या. आरटीके ड्रोनच्या फोटोत जी उंची लिहिलेली असते ती सहसा इलिप्सॉइडल, आणि तुमचे जमिनीवरचे कंट्रोल पॉइंट (आधीच मोजून ठेवलेल्या खुणा) मात्र आरएलमध्ये असतात. प्रोसेसिंगला दोन्ही एकत्र टाकताना सॉफ्टवेअरला कोण कुठल्या पद्धतीत आहे हे सांगावं लागतं, नाहीतर ते बिचारं मधला मार्ग काढून अख्खं मॉडेल वाकवून ठेवतं.

तयार डीईएमचंही, म्हणजे जमिनीच्या उंचीच्या डिजिटल नकाशाचंही, तसंच. एसआरटीएम ईजीएम 96 वर आहे, कोपर्निकस डीईएम ईजीएम 2008 वर आहे (ही दोन्ही जागतिक जिऑइड मॉडेलं), आणि इस्रोच्या भुवन पोर्टलवरून उतरवलेला कार्टोडेम थेट डब्ल्यूजीएस 84 इलिप्सॉइडवर. तिन्ही एका नकाशात टाकून वजाबाकी करायला बसलात तर निघालेल्या आकड्यांना काही अर्थ नाही.

दुसरी पायरी: मॉडेल निवडा

जास्त विचार करण्यासारखं काही नाही. ईजीएम 96 जुनं, त्याचा नेहमीचा तक्ता पंधरा मिनिटांच्या चौकटींचा, म्हणजे आपल्याकडं एक चौकट जवळपास सत्तावीस किलोमीटरची. ईजीएम 2008 त्याच्यापेक्षा खूप बारीक, तक्ते अडीच मिनिटांचे आणि एक मिनिटाचे मिळतात, अर्थात मॉडेलमधली खरी माहिती पाच मिनिटांच्या, म्हणजे नऊएक किलोमीटरच्या पातळीची आहे, तक्ता बारीक घेतला म्हणून अचूकता वाढत नाही. सर्व्हे ऑफ इंडियाचं भारतासाठीचं जिऑइड मॉडेल तुमच्या कामाला मिळत असेल तर ते वापरून बघा आणि बेंचमार्कवर (आरएल माहिती असलेल्या पक्क्या खुणेवर) तपासा. ते नसेल तर ईजीएम 2008. काहीही घ्या, पण एका प्रोजेक्टला एकच मॉडेल.

तिसरी पायरी: इलिप्सॉइडल उंची आधी बरोबर आणा

मॉडेल कितीही चांगलं असू दे, मूळ उंचीच हुकली असेल तर सगळं वाया. बेस, म्हणजे रोव्हरला दुरुस्ती पाठवणारा एका जागी ठेवलेला रिसीव्हर, लावून "करंट पोझिशन" घेऊन काम सुरू करायची सवय लई जणांना असते. त्यात बेसची उंची दोन-चार मीटरनं कुठंही असू शकते आणि रोव्हर ती चूक इमानदारीनं प्रत्येक पॉइंटला पोचवतो, वर स्क्रीनवर फिक्स दिसतंय म्हणून आपण खूश. त्यामुळं बेस माहितीतल्या पॉइंटवर लावा, किंवा सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स (कायम चालू असणाऱ्या बेस स्टेशनांच्या) नेटवर्कवर रजिस्ट्रेशन करून त्याच्यावरनं काम करा, किंवा बेसचा काही तासांचा स्टॅटिक डेटा घेऊन नंतर प्रोसेस करून त्याची जागा पक्की करा.

अँटेनाची उंची टाकताना पोल 2 मीटरचा आहे का 1.8 चा हे दरवेळी डोळ्यांनी बघा, कंट्रोलरमध्ये कालच्या साईटचा आकडा राहिलेला असतो. ट्रायपॉडवर टेपनं तिरकं माप घेतलं असेल तर सॉफ्टवेअरला तिरकं म्हणूनच सांगा, आणि मोजलं कुठपर्यंत, अँटेनाच्या तळापर्यंत का कडेच्या खुणेपर्यंत, ते वहीत लिहा.

आणि जागा. आरटीकेची उंचीतली चूक आडव्या चुकीच्या साधारण दीडपट-दुप्पट असते, आकाश झाकलेलं असेल तर आणखी वाढते. आपल्याकडं पाऊस संपल्यावर ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो, त्या सरीत उभं राहून घेतलेल्या उंचीवर विश्वास ठेवू नका, बांधावर मोकळी जागा बघा नाहीतर तोडणी झाल्यावर जा. घाटावरच्या मोठ्या झाडांखाली, महाद्वार रोडसारख्या अरुंद रस्त्यात तीच गत. महत्त्वाचे पॉइंट दोन वेगळ्या वेळी घ्या, मधे तासाभराचं तरी अंतर ठेवा म्हणजे सॅटेलाईटची मांडणी बदलते.

चौथी पायरी: एन काढा, आणि प्रत्येक पॉइंटचा वेगळा काढा

कंट्रोलरमध्ये जिऑइडची फाईल टाकायची सोय असते, तुमच्या कंपनीच्या फॉरमॅटमधली फाईल टाका आणि कोऑर्डिनेट सिस्टीममध्ये ती निवडा. आडव्यासाठी आपला यूटीएम झोन 43 उत्तर. क्यूजीआयएसमध्ये करायचं असेल तर मूळ डेटा ईपीएसजी 4979 मध्ये ठेवा, तो त्रिमितीय आहे, आणि ईजीएम 2008 च्या उंचीचा कोड 3855. तक्त्याची फाईल मशीनवर उतरलेली नसेल तर सॉफ्टवेअर काही न बोलता उंची आहे तशीच सोडून देऊ शकतं, म्हणून बदल झाल्यावर एक पॉइंट हातानं वजाबाकी करून बघाच. जिऑग्राफिकलिबचं जिऑइड काढायचं ऑनलाईन पान आहे, तिथं अक्षांश-रेखांश टाकला की एन येतो, तपासायला ते सोपं पडतं.

बरेच जण काय करतात, शहरातला एक एन काढतात आणि तोच पूर्ण कामाला लावतात. एखाद्या प्लॉटला चालून जाईल, लांबच्या कामाला अजिबात चालणार नाही. पुण्याहून गोव्याकडं जाताना एन दहाएक मीटरनं आणखी खाली जातो, म्हणजे सरासरी किलोमीटरमागं तीनेक सेंटीमीटर. आता हे कोल्हापूर ते कागल अशा लाईनला लावून बघा, अंतर वीस किलोमीटरच्या आत, आणि एकच एन धरला तर शेवटच्या टोकाला अर्ध्या मीटरच्या घरात चूक जाऊ शकते. कालव्याचं उदाहरण घ्या. पाच हजाराला एक असा उतार असेल तर किलोमीटरला वीस सेंटीमीटर उतार, त्यातले तीन सेंटीमीटर खोटे निघाले तर पंधरा टक्के उतारच खोटा. दहा हजाराला एक असेल तर जवळपास एक तृतीयांश. पाईपलाईनला, उपसा सिंचनाच्या चाऱ्यांना, गटारीच्या कामाला हे थेट लागू होतं. आणि राधानगरी, गगनबावड्याकडं, सह्याद्रीच्या बाजूला गेलं की डोंगराच्या वस्तुमानामुळं जिऑइड आणखी वर-खाली होतो, तिथं मॉडेलवर भरवसा अजून कमी ठेवायचा.

पाचवी पायरी: बेंचमार्कवर जा

इथं सगळ्यात जास्त वेळ घाला, आणि नेमकी हीच पायरी घाई असली की गाळली जाते.

मॉडेलमधून आलेली उंची आणि सरकारी कागदावरचा आरएल हे दोन्ही "समुद्रसपाटीपासून" म्हणत असले तरी त्यांचं शून्य एक नाही. आपल्याकडचे जुने जीटीएस (ग्रेट ट्रिग्नोमेट्रिकल सर्व्हेचे) बेंचमार्क 1909 च्या भारतीय उंची पद्धतीवर आहेत. त्या वेळी देशाच्या किनाऱ्यावरच्या नऊ भरती-ओहोटी केंद्रांवर, त्यात मुंबईचं अपोलो बंदर पण आलं, समुद्राची सरासरी पातळी शून्य धरली आणि तिथनं लेव्हलिंग करत आत आले. प्रत्यक्षात समुद्राची सरासरी पातळी सगळ्या किनाऱ्यावर एकसारखी नसते, म्हणजे ती पद्धतच थोडी पिळलेली आहे. जागतिक मॉडेलचं शून्य वेगळं, शिवाय मॉडेलची स्वतःची डेसीमीटरमधली चूक. म्हणून ईजीएम 2008 मधून आलेला आकडा आणि बेंचमार्कचा आरएल जुळले नाहीत तर त्यात नवल नाही, न जुळणंच अपेक्षित आहे. किती जुळत नाहीत ते मोजायचं.

साईटच्या सगळ्या बाजूंना असतील असे किमान तीन, जमल्यास चार-पाच बेंचमार्क शोधा. जुने जीटीएस दगड पूल, मंदिरं, सरकारी इमारती यांच्या जवळ असतात, पण बरेच रस्तारुंदीत गेलेत किंवा डांबराखाली दबलेत, त्यामुळं कागदावर आहे म्हणून आहेच असं धरू नका. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, ती ढोबळ अंदाजाला ठीक आहे, बेंचमार्क म्हणून नाही, कारण नेमक्या कुठल्या बिंदूची ती उंची आहे हे पाटी सांगत नाही.

बेंचमार्क भिंतीला चिकटून असेल तर त्याच्यावर अँटेना लावायची धडपड करू नका, आकाश अर्धं झाकलेलं असतं. जवळच मोकळ्या जागी टीबीएम, म्हणजे तात्पुरता बेंचमार्क, ठोका, ऑटो लेव्हलनं बेंचमार्कवरनं त्याला आरएल आणा, परत बेंचमार्कवर जाऊन क्लोजिंग करा, म्हणजे आकडा जुळतो का बघा, आणि मग टीबीएमवर रिसीव्हर ठेवून निवांत निरीक्षण घ्या.

आता प्रत्येक ठिकाणी मॉडेलचा आरएल वजा बेंचमार्कचा आरएल काढा. आकडे फक्त समजण्यासाठी देतोय: समजा 0.21, 0.24, 0.20 आणि चौथ्याला 0.58. पहिले तीन एकमेकांशी बोलतायत, चौथा एकटा पडलाय. चौथ्याला सरासरीत घेऊ नका, आधी जाऊन बघा दगड हलवलाय का, वर काँक्रीट चढलंय का, यादीतला आरएल दुसऱ्याच खुणेचा तर नाही. कारण सापडलं नाही तरी तो बाजूला ठेवा आणि रिपोर्टमध्ये तसं लिहा. उरलेल्या तिघांची सरासरी 0.217, ती वजा केली की वरच्या उदाहरणातला 544.275 होतो 544.058. हाच आकडा सरकारी नकाशाच्या शेजारी ठेवायच्या लायकीचा.

छोट्या साईटला असा एकच फरक सगळीकडं वजा केला तरी पुरतं. साईट मोठी असेल आणि फरक एका दिशेनं वाढत जाताना दिसत असतील तर तिरकं प्रतल बसवायचं, सॉफ्टवेअरमध्ये साईट कॅलिब्रेशन नाहीतर लोकलायझेशन नावानं ते असतं. पण सांभाळून. समजा तुमचे सगळे बेंचमार्क कसबा बावड्याच्या बाजूला आहेत आणि काम नदीपलीकडं आंबेवाडी-चिखलीला आहे, तर बावड्याच्या बाजूला दोन सेंटीमीटरची चूक असली तरी ते प्रतल पलीकडं जाऊन कितीतरी जास्त कलतं, आणि सॉफ्टवेअर मात्र रेसिड्युअल (बेंचमार्कवर उरलेली चूक) झकास दाखवतं. पॉइंट साईटला वेढा घालून पाहिजेत. एक बेंचमार्क मुद्दाम कॅलिब्रेशनच्या बाहेर ठेवा आणि शेवटी त्याच्यावर जाऊन आकडा तपासा, माझ्या मते यापेक्षा चांगली परीक्षा दुसरी नाही.

पुराच्या पातळीचं काम असेल तर

कोल्हापूरकरांना पंचगंगेची पातळी फुटात पाठ असते, राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट इशारा आणि 43 फूट धोका. हे फूट त्या बंधाऱ्यावरच्या गेजचे, म्हणजे पाणी मोजायच्या पट्टीचे आहेत, समुद्रसपाटीचे नाहीत. मीटरमध्ये समुद्रसपाटीपासून बोलायचं तर धोक्याची पातळी 540 च्या वर जाते. दोन्ही पद्धती जोडायच्या असतील तर गेजच्या शून्याचा आरएल पाटबंधारे खात्याकडून लेखी घ्या, आणि फुटाला 0.3048 नं गुणून त्यात मिळवा.

आणखी एक गोष्ट, पूर आला की नदीचं पाणी सपाट नसतं, वरच्या अंगाला उंच आणि खालच्या अंगाला कमी असतं. त्यामुळं बंधाऱ्यावरचा आकडा उचलून प्रयाग चिखलीतल्या एखाद्या घराच्या जोत्याशी लावायचा नाही. 2019 आणि 2021 च्या पुराच्या खुणा भिंतींवर बऱ्याच ठिकाणी अजून आहेत, लोकांनी रंगानं रेघ मारून ठेवल्यात. घरमालकाला विचारून त्या खुणेला जवळच्या टीबीएमवरनं लेव्हलनं आरएल आणा, भिंतीला टेकवलेल्या रोव्हरनं नको. अशा पाच-दहा खुणा एकाच पद्धतीत आल्या की गावाला त्याचा खरा उपयोग होतो, पुढच्या वेळी कुठल्या गल्लीत आधी पाणी येणार हे आधीच सांगता येतं.

निळी आणि लाल पूररेषा बघताना, निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, नकाशावरचे आरएल कुठल्या बेंचमार्कवरून आणलेत हे विचारा आणि तुमचा फरक त्याच बेंचमार्कवर काढा. जोतं लाल रेषेच्या दहा सेंटीमीटर वर आहे असं ईजीएम 2008 च्या भरवशावर कुणाला लिहून देऊ नका, कारण बेंचमार्कशी वीस सेंटीमीटरचा फरक निघाला तर तेच जोतं रेषेच्या खाली जातं आणि त्या घरात माणसं राहणार असतात.

रिपोर्टमध्ये काय लिहायचं

नुसतं "उंची एमएसएल" लिहिलेला रिपोर्ट दोन वर्षांनी कुणालाच वापरता येत नाही. बेस कुठला, कॉर्स असेल तर तसं, त्याची उंची किती धरली, जिऑइड मॉडेलचं नाव आणि तक्ता, कुठले बेंचमार्क घेतले, प्रत्येकावर फरक किती आला, कुठला सोडला आणि का, शेवटी किती दुरुस्ती लावली, तारीख, अँटेनाची उंची, एवढं अर्ध्या पानात बसतं. पॉइंटच्या यादीत अक्षांश, रेखांश, इलिप्सॉइडल उंची, एन, दुरुस्ती आणि आरएल हे सगळे रकाने वेगवेगळे ठेवा. मूळ इलिप्सॉइडल उंचीचा रकाना कधीच पुसू नका, उद्या जास्त चांगलं जिऑइड मॉडेल हातात आलं तर साईटवर परत न जाता फक्त एनचा रकाना बदलून आणि त्याच बेंचमार्कवर दुरुस्ती परत काढून सगळे आरएल नव्यानं करता येतात.